चोपन्न पायऱ्या

तिसरा मजला,
४ सप्टेंबर

धाकटे,

पत्र पोचलं. गुडघ्याची कथा वाचली. दोन पानं भरून लिहावं एवढा तो गुडघा मोठा कधी झाला, ते मात्र कळलं नाही. आणि काठी घेतल्याचं तू ज्या उत्साहाने कळवलं आहेस, त्या उत्साहाने लोक नवा दागिना केल्याचं कळवतात. बहात्तर हे काही वय नव्हे. मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि माझ्या घरात झाडूखेरीज दुसरी काठी नाही.

इकडची बातमी म्हणजे चिरंजीव येऊन गेले. दोन दिवस होते. जागा भाड्याने घ्यायला आलेला माणूस फिरतो तसे घरभर फिरले. न्हाणीघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "आई, इथे पाय घसरला तर?" मी म्हटलं, "तर पडेन. तू लहानपणी दिवसातून तीनदा पडायचास, म्हणून मी जमीन बदलली नव्हती." मग मुद्द्यावर आले. त्यांच्या घरात तळमजल्यावरची मागची खोली रिकामी केली आहे. सूनबाईंनी फोनवरून वर्णन केलं. दार इतकं रुंद आहे म्हणे, की उद्या चाकांची खुर्चीसुद्धा आरामात आत जाईल. हे सांगताना आवाजात केवढा अभिमान. म्हणजे खुर्ची ठरली, दार ठरलं, फक्त म्हातारी आणून ठेवायची बाकी आहे.

मी नाही म्हटलं. मग तडजोड अशी ठरली, की एक फिजिओ मुलगी घरी येऊन माझी परीक्षा घेईल. तिने ठीक म्हटलं तर मी इथेच राहायचं आणि चिरंजीवांनी तोंड मिटायचं. नाही म्हटलं तर हिवाळ्याच्या आत मी त्या मागच्या खोलीत. मी कबूल केलं. एकतीस वर्षं शाळेच्या मैदानावर हातात स्टॉपवॉच धरून मुलींच्या परीक्षा घेतल्या, आता एक मुलगी माझी घेणार. घेऊ दे.

बाकी रस्ता आहे तसाच आहे. समोर मे महिन्यापासून एक चप्पल शिवणारा म्हातारा बसतो. टक्कल असं, की दुपारचं ऊन त्यावर पडलं तर वरून बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. या वयात त्याने घरी बसावं, पण सांगणार कोण. काम मात्र बरं करतो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, टोपलीतून खाली सोडली, तासाभरात शिवून आली. एका टाक्यासाठी कोण उतरत बसणार. दुसऱ्या मजल्यावरची हुश्शबाई रोज भाजी घेऊन येते, दर चार पावलांना हुश्श करते, तिचा भांग आता रस्त्याएवढा रुंद झाला आहे. शाळेतली पोरं केसांना काहीतरी चोपडून जातात.

सुतार येऊन माझ्या खुर्चीची कुरकुर काढून गेला. एवढंच.

तुझी,
ताई


दुकानाच्या मागची खोली,
११ सप्टेंबर

ताई,

गुडघ्यावर दोन पानं लिहिली कारण दोन गुडघे आहेत. एकेकाला एकेक.

काठीबद्दल तुला हवं ते बोल. काठी घेतल्यापासून मी रोज बाजारात जाते, बसस्टॉपपर्यंत जाते, परवा तर टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. त्याआधी चार महिने मी फक्त दुकान आणि मागची खोली एवढंच जग बघितलं होतं. लाज वाटली तर ती पहिल्या दिवशीच वाटते. दुसऱ्या दिवशी लोकांना आठवतही नाही की तू कधी काठीशिवाय चालत होतीस.

माझ्या दुकानात सगळ्या आता आपल्याच वयाच्या बायका येतात. तरुण मुली तयार कपडे घेतात. या बायका येतात आणि म्हणतात, कापड आटलं. पुढून लोंबतं, मागून वर चढतं, बाही मनगटाखाली येते. मी टेप लावते. कापड कुठेच आटलेलं नसतं, बाई आटलेली असते. पाठ वाकली की पाठीचं माप वाढतं आणि पुढचं कमी होतं. खांदे पुढे येतात. हात मागे जात नाही, म्हणून मागची बटणं पुढे आणावी लागतात. मी हे कुणाला बोलून दाखवत नाही. "हो बाई, कापड भारी आटलं" म्हणते आणि पुढून चार बोटं कापते. पन्नास वर्षं दुकान चाललं ते हातापेक्षा या एका वाक्यावर.

तुझा तो करडा कोट आता चिंध्या झाला असेल. मी नवा शिवते. मापं पाठव. आणि नीट, टेपने घेऊन. डोळ्याने नाही.

तुझी मुलाशी झालेली तडजोड मला आवडली नाही. पण मला कोण विचारतं.

धाकटी


तिसरा मजला,
१९ सप्टेंबर

धाकटे,

आटलेल्या बायकांचं वर्णन मनोरंजक होतं. त्यांनी वेळेवर व्यायाम केला असता तर तुझा धंदा बुडाला असता, म्हणून तू त्यांना कधी सांगितलं नसशील.

कोटाची गरज नाही. पण तुझा हट्ट मला माहीत आहे, म्हणून मापं देते. छाती अडतीस, पाठ साडेपंधरा, बाही बावीस, उंची बेचाळीस.

परीक्षा तीस तारखेला आहे. काय काय करायला लावतात ते हुश्शबाईने सांगितलं, तिच्या बहिणीची झाली होती. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून दहा सेकंद उभं राहायचं. चार मीटर चालायचं. हातात एक यंत्र धरून दाबायचं. ही परीक्षा म्हणे. माझ्या पाचवीच्या मुलींनी हसून लोळण घेतली असती. तरीही मी सराव करते, कारण सराव न करता परीक्षेला बसणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली.

हुश्शबाई विचारत होती, तुम्ही हल्ली दिसत नाही. मी म्हटलं, तुम्ही जिन्यात उभ्या राहून धापा टाकत असता, तुम्हाला कोण दिसणार.

सुतार पुन्हा येऊन गेला. पलंगाचंही थोडं काम होतं.

ताई


तिसरा मजला,
२ ऑक्टोबर

धाकटे,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे. पास.

पोरगी दहाला यायची ती सव्वादहाला आली, वर धापा टाकत. सत्तावीस वर्षांची. मी म्हटलं, "बस, पाणी पी, तुझीच परीक्षा घ्यायला हवी." माझ्या खुर्चीत बसली तर तिचे पाय अधांतरी. अशा मुलींना आम्ही रांगेत सगळ्यात पुढे उभं करायचो.

पाच वेळा उठले-बसले, तेरा सेकंद. तिने दोनदा घड्याळ बघितलं. टाचेला अंगठा लावून उभी राहिले, दहा सेकंद, भिंतीकडे ढुंकून न बघता. चालले. यंत्र दाबलं तर बावीस किलो. पोरगी म्हणाली, "आजी, हाताला काय व्यायाम करता?" मी म्हटलं, "शिस्त." तिने ते लिहून घेतलं. कागदावर लिहून दिलं आहे की वयाच्या मानाने उत्तम. वयाच्या मानाने हे शब्द नसते तर कागद भिंतीवर लावला असता.

चिरंजीवांना कळवलं. त्यांनी कागद फोनवर दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "बरं झालं, आई." सूनबाईंच्या रुंद दाराचं आता काय करणार, हे विचारायचं मी टाळलं. मोठ्या मनाची आहे म्हणून.

ताई


दुकानाच्या मागची खोली,
९ ऑक्टोबर

ताई,

अभिनंदन म्हणायला बसले होते. मग तुझी या वर्षीची सगळी पत्रं काढली आणि एकामागून एक वाचली. आता जे लिहिते ते वाचून तू कागद फाडशील, तरी लिहिते.

तू पाठवलेली मापं माझ्या वहीत आहेत. त्याच ओळीत, त्याच क्रमाने. वीस वर्षांपूर्वीची. इतकी वर्षं मापं फक्त दुकानातल्या लाकडी बाहुलीची तीच राहतात, आणि तिचाही एक खांदा उतरला आहे.

तुझ्या खुर्चीत बसून मी तुझ्याशी पत्ते खेळायचे. मी तुझ्याहून बुटकी, तरी माझे पाय जमिनीला टेकायचे. सत्तावीस वर्षांच्या मुलीचे अधांतरी राहिले. सुताराने कुरकुर काढली की पायांखाली ठोकळे ठोकले? आणि पलंगाला? उंच खुर्चीतून उठणं म्हणजे अर्धी उठलेली बाई पुढे उभी राहणं. त्या मुलीच्या ते लक्षात आलं नाही, की तिने तुझं वय बघून सोडून दिलं, मला माहीत नाही. दुसरं असेल तर तुला जास्त झोंबेल.

आणि हात. बावीस किलोची पकड शिस्तीने येत नाही. रोज दूध, भाजी, पेपर आणि चपला टोपलीतून तीन मजले वर ओढल्याने येते.

पण मला कळलं ते यातल्या कशावरून नाही. एप्रिलपासून तू मला ज्यांच्याबद्दल लिहिलंस त्या सगळ्यांची फक्त डोकी लिहिलीस. टक्कल, भांग, केसांना चोपडलेलं तेल, छत्र्यांचे रंग. एकाचं नाक नाही, डोळे नाहीत, कुणी हसलं की रागावलं ते नाही. माणसं अशी फक्त वरून दिसतात.

ताई, तू शेवटची खाली कधी उतरलीस?

धाकटी


तिसरा मजला,
१३ ऑक्टोबर

धाकटीस,

तू सुई-दोऱ्यात लक्ष घाल. गुप्तहेरांच्या खात्यात जागा निघाली तर मी कळवीन.

माझ्या खुर्चीचे पाय किती उंच असावेत हा माझा प्रश्न आहे. मी एकटी राहते, स्वतःचा स्वयंपाक करते, स्वतःचे कपडे धुते, कुणाच्या दाराची रुंदी मोजत नाही. रस्त्यावर असं काय सांडलं आहे जे मी रोज उतरून वेचावं? जे हवं ते वर येतं.

काठी टेकत टेकडीला जाणाऱ्यांनी दुसऱ्याच्या जिन्यावर बोलू नये.

ताई


दुकानाच्या मागची खोली,
१८ ऑक्टोबर

ताई,

सोबत पार्सल आहे. कोट आहे. तुझ्या मापांनी नाही, माझ्या अंदाजाने शिवला आहे. पुढून मागच्यापेक्षा तीन बोटं आखूड. खांदे पुढे काढलेत. बटणं मोठी, कारण छोटी बटणं आता माझ्याही बोटांना सापडत नाहीत. डावा खिसा खोल ठेवला आहे. पिशवी, किल्ली, चष्मा सगळं त्यात जाईल, म्हणजे उजवा हात कठड्याला मोकळा राहील.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. या उन्हाळ्यात कापायच्या टेबलाखाली पडलेली कात्री घ्यायला वाकले आणि मला उठता आलं नाही. लागलं काहीच नव्हतं. फक्त उठता येईना. दुकानाची वेळ संपली होती, शटर अर्धं खाली होतं. तीन तास मी चिंध्यांत बसून होते. बाहेरून पाय जाताना दिसत होते आणि मी हाक मारली नाही, कारण शटरच्या वर त्या पायांची ओळखीची तोंडं असणार होती. शेवटी कचरा उचलणाऱ्या बाईने वाकून बघितलं. त्यानंतर मी काठी घेतली, आणि तुला दोन पानं गुडघ्यावर विनोद करून लिहिली. तेव्हा झाकण्यात मीही कमी नाही. थोरली-धाकटी एकाच कापडाच्या.

आता ऐक. तुझा मुलगा मला दर रविवारी फोन करतो. विचारतो, मावशी, आई खरंच ठीक आहे ना. आजपर्यंत मी म्हटलं, तिलाच विचार. यापुढे मला ते जमणार नाही, आणि त्याच्याशी खोटं मी बोलणार नाही.

पंधरा नोव्हेंबरला, सोमवारी, सकाळी अकरा वाजता मी तुझ्या घरासमोरच्या बाकावर बसलेली असेन. वर येणार नाही. तू खाली यायचंस. बारापर्यंत आली नाहीस तर त्या संध्याकाळी मी त्याला ठोकळ्यांसकट सगळं सांगेन. मग तो तुला घेऊन जाईल आणि मी त्याला अडवणार नाही.

चार आठवडे आहेत. मुलींना स्पर्धेआधी तू एवढेच द्यायचीस.

धाकटी


तिसरा मजला,
६ नोव्हेंबर

धाकटे,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण शिव्या जपून लिहाव्या लागतात आणि मला घाई होती.

एप्रिलच्या नऊ तारखेला मी दूध घेऊन वर येत होते. पहिला मजला झाला, दुसरा झाला, आणि त्याच्या पुढच्या वळणावर मांड्या संपल्या. दुखलं नाही. नुसतं संपलं, नळाचं पाणी जावं तसं. मी पायरीवर बसले. हुश्शबाई बाहेर आली, म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, किल्ली पडली आहे, शोधते आहे. मग ती बिचारी माझ्यासोबत पाऊण तास किल्ली शोधत होती. किल्ली माझ्या मुठीत होती. तिचे गुडघे जमिनीवर, आणि हुश्श करत ती कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवते आहे. तिला हसणाऱ्या बाईने जन्मात याहून हलकं काम केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी मी टोपली आणली. मनाला सांगितलं, आठवडाभर. आठवडा कसा वाढतो हे तुला चिंध्यांत बसून कळलंच असेल.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तणतणले. तिसऱ्या दिवशी स्टॉपवॉच काढलं. किल्ली दिली तर अजून चालतं, माझ्यापेक्षा बरं. ठरवलं, की ही मुलगी ढ आहे, आळशी आहे, खोटारडी आहे, पण माझ्या वर्गात आहे तर हिला शिकवायला हवं. पहिल्या दिवशी चार पायऱ्या उतरून चार चढले. पाय असे थरथरत होते की हसू आलं. खुर्चीखालचे ठोकळे सुताराने दोन-दोन थरांचे केले होते, त्यातला एक थर काढायला लावला. तो म्हणाला, "बाई, आधी चढवा म्हणता, मग उतरवा म्हणता." मी म्हटलं, तुला पैसे दोन्हीचे मिळतात.

आता मी दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन येते. अठरा पायऱ्या. उतरणं चढण्यापेक्षा वाईट, हे मला एकतीस वर्षं शिकवूनही माहीत नव्हतं. मुलींना मी नेहमी चढताना ओरडायची. हुश्शबाईला किल्लीचं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, मुठीतून टोक दिसत होतं." मग पाऊण तास का शोधलीत विचारलं, तर म्हणे, "तुम्ही बसला होतात ना, मग मी काय उभी राहू?" तिने आता तिच्या दाराशी एक स्टूल ठेवलं आहे. मी मागितलं नव्हतं.

तुझ्या अंदाजाच्या कोटाला अजून हात लावलेला नाही. खाली जायची वेळ आली तर बघू.

चोपन्नपैकी छत्तीस बाकी आहेत आणि दिवस नऊ. हे गणित तुला जमत असेल तर तूच कर.

ताई


तिसरा मजला,
२४ नोव्हेंबर

धाकटे,

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. त्या सोमवारी बाकावर तू जे बोललीस ते एकच वाक्य होतं, "कोट बसला." सात महिन्यांनी पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या बहिणीला दुसरं काही सुचलं नाही तुला. अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. तुझा चेहरा बघितला तेव्हा कळलं, की पावणेबारानंतर तू माझ्या जिन्याकडे बघणं सोडून दिलं होतंस. म्हणून मी नुसती तुझ्या शेजारी बसले.

कोट खरंच बसला. पुढून लोंबत नाही. कापड आटलं नसावं.

वर जाताना तू माझ्यामागे काठी टेकत चढलीस. दोघींचे मिळून तीन विसावे, तेवीस मिनिटं. हुश्शबाई म्हणाली, आता या जिन्यात हुश्श करणाऱ्या तीन झाल्या. तिला एवढं विनोदी बोलता येतं हे मला आठ वर्षांत कळलं नव्हतं.

चिरंजीवांना परवा मीच सगळं कळवलं. ठोकळे, टोपली, किल्ली. म्हटलं, परीक्षा पुन्हा घे. खुर्ची तुमची आणा, आणि या वेळी जिन्याचीही घ्या. नापास झाले तर तुझ्याकडे येईन, पण हे चोपन्न माझ्या पायांनी उतरून येईन. खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यायचं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तू पहिल्यांदाच खरं सांगितलंस." आता या मुलाला काय म्हणावं. परीक्षा जानेवारीत ठरली आहे. पास होईन असं सांगत नाही. सराव चालू आहे, एवढं सांगते.

एक गोष्ट राहिली. त्या सोमवारी चप्पल शिवणारा सुट्टीवर होता. काल मी एकटी उतरले. तू जाताना दिलेली नवी काठी नेली, पण जिन्यात कठडा होता म्हणून ती काखेत होती, हे लक्षात घे. रस्ता ओलांडला आणि त्याच्या पेटीपुढे उभी राहिले. खाली मान घालून टाचा ठोकत होता, तेच टक्कल, ओळखीचं. मी म्हटलं, "बाबा, चपलेचा दुसरा अंगठाही सैल झालाय."

त्याने मान वर केली. धाकटे, तो तिशीचाही नसेल. काळीभोर मिशी, दात पांढरेशुभ्र, गालावर खळी. मे महिन्यापासून मी त्याला म्हातारा म्हणते आहे, तुला लिहिते आहे की याने या वयात घरी बसावं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, मग वर माझ्या खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"टोपलीवाल्या आजी तुम्हीच होय?" तो म्हणाला. "तुमचा हात तेवढा दिसायचा खिडकीत. मला वाटायचं, कुणीतरी तरुण बाई असेल."

ताई